आर्सचे धर्मगुरु : संत जॉन मेरी व्हियानी व ख्रिस्ती परिपूर्णता

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे पूर्वीच्या धर्मगुरूंचीं नांवें काढलीं जातात. कोणीं देऊळ बांधिलें, कोणीं शाळा काढिली, कोणीं विहीर खणविली याची उजळणी होते, आणि तें योग्यच आहे. परंतु या नामावळीबरोबर आणखी एका धर्मगुरूचें स्मरण होणें अगत्याचें आहे. ते म्हणजे संत जॉन मेरी व्हियानी. पोप अकरावे पायस यांनीं १९२९ सालीं त्यांना जगांतील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून नेमिलें. ज्यांना लिऑनच्या गुरुविद्यालयानें अभ्यासांत असमर्थ ठरवून घरीं परत पाठविलें होतें, त्यांनाच ख्रिस्तसभेनें सर्व धर्मगुरूंपुढें नमुना म्हणून उभें केलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गुरुविद्यालयाचे नियम निरर्थक होते असें म्हणवत नाहीं, आणि ख्रिस्तसभेनें अपात्र माणसास गौरविलें असें तर मुळींच म्हणवत नाहीं. मग परिपूर्णता म्हणजे काय, ती कोणास लाभते आणि कोणत्या वाटेनें, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर या साधुपुरुषाच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें, म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

८ मे १७८६ रोजीं फ्रान्स देशांतील लिऑन शहराजवळ दार्दिली या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं व्हियानी यांचा जन्म झाला. सहा भावंडांत ते चौथे. जन्माच्याच दिवशीं त्यांना स्नानसंस्कार मिळाला. घर श्रीमंत नव्हतें. तरी दाराशीं आलेला भिकारी विन्मुख परत जात नसे. मूल तीन वर्षांचें झालें आणि १७८९ ची राज्यक्रांति उसळली. १७९० च्या कायद्यानें धर्मगुरूंना सरकारचे नोकर करून टाकिलें. ज्यांनीं त्या कायद्याची शपथ घेण्याचें नाकारिलें, त्यांच्या मागें तुरुंग, हद्दपारी व शिरच्छेद लागले. अशा एकनिष्ठ गुरूंना शेतकरी आपल्या घरांत व कोठारांत लपवीत, आणि व्हियानी कुटुंब अंधारांतून पायपीट करून त्यांच्या गुप्त मिस्सेला हजर राही. १७९९ सालीं एकुली येथें एका घरांत, खिडक्या झांकून व बाहेर गवताच्या गाड्या उभ्या करून, १३ वर्षांच्या जॉनला पहिला ख्रिस्तप्रसाद देण्यांत आला. धर्मगुरु होणें म्हणजे प्राण पणास लावणें, हें या मुलाला कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें. मात्र त्याच धामधुमींत गांवच्या शाळा मोडल्या होत्या. त्यामुळें लिहिणें-वाचणें बेताचेंच राहिलें, आणि कोवळे हात नांगराला व कुदळीला लागले.

धर्मगुरु होण्याची इच्छा त्यांनीं प्रथम आईजवळ बोलून दाखविली. वडिलांना शेतावर माणूस हवें होतें. त्यांची संमति मिळण्यास सुमारें दोन वर्षें गेलीं. अखेर १८०६ सालीं, २० व्या वर्षीं, ते एकुलीचे धर्मगुरु चार्ल्स बाले यांच्या घरच्या छोट्या पाठशाळेंत दाखल झाले. बाले हे स्वतः क्रांतीच्या काळांत जीव धोक्यांत घालून गुप्तपणें संस्कार देत फिरलेले गुरु होते. येथें व्हियानींच्या आयुष्यांतील पहिली मोठी कसोटी सुरू झाली, आणि ती होती लॅटिन भाषा. सकाळीं पाठ केलेलें संध्याकाळीं आठवत नसे. बरोबरचे विद्यार्थी वयानें पुष्कळ लहान आणि बुद्धीनें चपळ. एकदां त्यांच्याहून सहा वर्षांनीं लहान असलेल्या मातियास लोरा या मुलानें शिकवितां शिकवितां वैतागून सर्वांसमक्ष त्यांच्या थोबाडींत मारिली. व्हियानींनीं गुडघे टेकून त्या मुलाचीच क्षमा मागितली. मुलगा रडूं लागला, आणि दोघे जन्माचे मित्र झाले. हाच लोरा पुढें १८३७ सालीं अमेरिकेंतील डब्यूक येथील पहिला बिशप झाला. निराश झालेल्या व्हियानींनीं त्याच वर्षीं संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या ला लूव्हेस्क येथील समाधीची यात्रा पायीं, वाटेंत भिक्षा मागून केली. परत आल्यावर विद्या एकदम आली असें झालें नाहीं. अभ्यास सोडून देण्याचा विचार मात्र गेला.

१८०९ सालीं दुसरी कसोटी आली. गुरुविद्यार्थ्यांना सैन्यभरतींतून सूट असे. पण त्यांचें नांव सवलतीच्या यादींत घालावयाचें राहून गेलें होतें, आणि नेपोलियनच्या सैन्यांत हजर होण्याचा हुकूम आला. आजारामुळें ते आधीं लिऑनच्या व मग रोआनच्या रुग्णालयांत पडले. बरे होऊन निघाले तों तुकडी पुढें गेली होती. वाटेंत भेटलेल्या एका तरुणानें त्यांना डोंगरांतील ले नोए या खेड्याकडे नेलें. तेथें क्लोदीन फायो नांवाच्या एका विधवेच्या आश्रयानें, जेरोम व्हिन्सेंट असें नांव घेऊन, त्यांनीं सुमारें १४ महिने काढिले. दिवसां शेतांत राबावें, मुलांना अक्षरें व धर्मशिक्षण द्यावें, आणि शिपाई आले कीं गवतांत दडावें, असा तो काळ गेला. या प्रकरणाचा उलगडा करणें चरित्रकारांना सोपें गेलेलें नाहीं. नेपोलियनच्या विवाहानिमित्त १८१० सालीं माफी जाहीर झाली, आणि धाकटा भाऊ फ्रांस्वा सैन्यांत गेल्यावर त्यांची सुटका झाली. पण तो भाऊ पुन्हां घरीं आला नाहीं. स्वतः ते घरीं परतल्यावर थोड्याच आठवड्यांत, १८११ च्या आरंभीं, आई वारली. आपल्या गुरुपदासाठीं घरानें किती किंमत मोजली याची जाणीव बाळगूनच त्यांनीं पुन्हां पुस्तकें हातीं घेतलीं.

आतां गुरुविद्यालयाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा ठराव केला कीं, प्रत्येक धर्मप्रांतांत होतकरू मुलांसाठीं अशीं विद्यालयें असावीं. त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणीं धर्मगुरूंची तयारी फार तोकडी होत असे, व त्याचे दुष्परिणाम सबंध युरोपानें भोगिले होते. गुरुविद्यालय या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ बियांची रोपवाटिका असा आहे. तेथें घंटेवर उठणें, मौन पाळणें, ध्यान, मिस्सा, तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञानाचे पाठ, जेवतांना ग्रंथवाचन, रात्रीं विवेकाची तपासणी, असा दिनक्रम वर्षानुवर्षें चालतो. बाहेरून पाहणारास तो कंटाळवाणा वाटेल; ज्यांनीं तो अनुभविला त्यांना ठाऊक आहे कीं, त्या घंटेनें इच्छा वांकविण्याचें काम होतें. आपल्या मनास येईल तेव्हां नव्हे, बोलावणें येईल तेव्हां उठावयाचें, हा धडा एकदां अंगीं मुरला म्हणजे पुढें मध्यरात्रीं आजाऱ्याच्या घरून निरोप आल्यास पाय अडखळत नाहींत.

व्हियानी १८१२ सालीं व्हेरिएर येथील छोट्या गुरुविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकण्यास गेले. पुढें मारिस्ट बंधूंचा संघ स्थापन करणारे संत मार्सेलिन शांपान्या हे तेथें त्यांचे सहाध्यायी होते. १८१३ च्या शरदृतूंत ते लिऑनच्या संत इरेनेयस गुरुविद्यालयांत गेले. नियमपालनांत, नम्रतेंत व प्रार्थनेंत कोणी त्यांच्यांत दोष काढूं शकला नाहीं. परंतु व्याख्यानें लॅटिनमध्यें, प्रश्न लॅटिनमध्यें, आणि उत्तर तर ओठांवर येईचना. कांहीं महिन्यांनीं त्यांना जाण्यास सांगण्यांत आलें. २७ वर्षांचा तो तरुण आपली वळकटी घेऊन बाहेर पडला, तेव्हां त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. गुरुपद आपल्या नशिबीं नाहीं असें समजून त्यानें धर्मबंधूंच्या एका संघांत सेवक म्हणून राहण्याचा विचारही केला.

येथें गुरुविद्यालयास दोष देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अज्ञानी वैद्य शरीराचा घात करतो, तसा अज्ञानी धर्मगुरु आत्म्यांचा घात करूं शकतो. तेव्हां शिक्षकांनीं विद्येची कसोटी लाविली हें त्यांचें कर्तव्यच होतें. पण त्या कसोटीनें मापतां येत नाहीं असेंही कांहीं असतें, हें ओळखणारा एक माणूस एकुलीस होता. बाले यांनीं शिष्याला परत जवळ घेतलें आणि ईश्वरज्ञान त्यांना त्यांच्या मातृभाषेंत, फ्रेंचमध्यें, शिकविलें. लिऑन येथील परीक्षेंत परीक्षकांसमोर व्हियानी पुन्हां गोंधळले. तेव्हां बाले यांनीं खटपट करून एकुलीच्या घरींच फ्रेंचमध्यें परीक्षा घेवविली, व तींत उत्तरें समाधानकारक आलीं. धर्मप्रांताचा कारभार पाहणारे व्हिकर जनरल कुरबों यांनीं हा तरुण भक्तिमान आहे काय, जपमाळ करतो काय, एवढीच चौकशी केली, आणि उरलेलें ईश्वरी कृपा पुरें करील असा भरंवसा ठेवून परवानगी दिली. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें, सुमारें १०० किलोमीटर एकट्यानें पायीं जाऊन, व्हियानी यांनीं गुरुदीक्षा घेतली. तेव्हां त्यांचें वय २९ वर्षांचें होतें. त्यांच्या घरचें कोणीही जवळ नव्हतें.

नेमणूक एकुलीसच, बाले यांचे सहायक म्हणून झाली. आरंभीं पापनिवेदन ऐकण्याचा अधिकारही त्यांना दिला नव्हता. तो मिळाला तेव्हां त्यांच्यापुढें पापनिवेदनासाठीं प्रथम गुडघे टेकणारे होते स्वतः बाले. गुरूनें शिष्यास यापेक्षां मोठी पदवी कोणती द्यावी? १८१७ च्या डिसेंबरांत बाले वारले, आणि १८१८ च्या फेब्रुवारींत व्हियानींना लिऑनच्या उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरवरील आर्स या गांवीं पाठविण्यांत आलें. तेथें अवघी २३० माणसें, मातीचीं घरें, पडकें देऊळ. लोक दुष्ट नव्हते, पण थंड होते. रविवारीं शेतावर काम, दारूचीं दुकानें, नाचाच्या मैफली, आणि देवळांत मोजकीं माणसें. असल्या गांवास मोठा विद्वान पाठविण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

नव्या धर्मगुरूंनीं प्रथम काय केलें? घरांतलें चांगलें सामान परत केलें, गादी गरिबास दिली, आणि पहांटे देवळाचें दार उघडून पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकिले. आठवड्याचे बटाटे एकदांच उकडून ठेवावे व त्यांतलाच एखादा खावा, असा त्यांचा आहार होता. घरोघरीं ते जेवणाच्या वेळीं जात, पिकांची व गुरांची विचारपूस करीत, मग धर्माची गोष्ट काढीत. प्रवचनासाठीं रात्रींच्या रात्रीं जागून एकेक वाक्य लिहून पाठ करीत, आणि तरीही कधीं कधीं आसनावर उभें राहतांच सारें विसरत. त्या काळच्या कडक शिकवणीप्रमाणें नाचासारख्या गोष्टींवर त्यांनीं आरंभीं फार कठोर नियम लाविले. पण वर्षें गेलीं तसे ते मृदु झाले. पुढें पुढें पाप्यास अगदीं हलकें प्रायश्चित्त द्यावें आणि उरलेलें स्वतः भोगावें, अशी त्यांची रीति पडली. दारूचीं दुकानें एकामागून एक बंद झालीं. १८२४ सालीं त्यांनीं गरीब व अनाथ मुलींसाठीं प्रॉव्हिडन्स नांवाचें घर उघडिलें, आणि भाकरीसाठीं पुढें २३ वर्षें दारोदार हात पसरिले. १८४७ सालीं तें धर्मभगिनींच्या हवालीं करावें लागलें. त्याचें त्यांना दुःख झालें, पण आज्ञा त्यांनीं मानिली.

हळूहळू परगांवचे लोक येऊं लागले. मग शहरांतून, मग परदेशांतून. शेवटच्या वर्षांत ही संख्या दरसाल ८०,००० च्या घरांत गेली असें सांगितलें जातें. मध्यरात्र उलटली कीं ते देवळांत उतरत, आणि दिवसांतील १६ तासांपर्यंत पापनिवेदनाच्या आसनांत बसून राहत. हिवाळ्यांत पाय बधिर होत, उन्हाळ्यांत कोंदट हवेनें घेरी येई. लॅटिनचा पाठ न आठवणारे हेच गुरु माणसाच्या मनाची गांठ क्षणांत ओळखीत. अल्पशिक्षित माणसाकडे लोकांचा असा ओघ जातो हें कांहीं शेजारच्या धर्मगुरूंना रुचलें नाहीं. त्यांनीं बिशपांकडे तक्रारअर्ज लिहिला; तो फिरत फिरत व्हियानींच्याच हातीं आला, तेव्हां त्यांनीं त्यावर स्वतःची सही करून तो पुढें पाठविला. आपण अपात्र आहों हें त्यांना मनापासून पटलेलें होतें. बिशप दव्ही यांनीं चौकशी केली व त्यांना जागेवरून हलविलें नाहीं.

आणि येथेंच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण लढा होता. तो दारूच्या दुकानांशीं नव्हता, निंदकांशीं नव्हता. स्वतःच्या इच्छेशीं होता. आपण अज्ञानी, आपल्या हातून आत्म्यांची हानि होईल, यापेक्षां एखाद्या मठांत एकांतीं जाऊन पापांबद्दल रडावें, ही तळमळ त्यांना सारखी जाळीत असे. ती इच्छा वाईट नव्हती. मठाची वाट साधूंनीं परिपूर्णतेची वाट म्हणून वाखाणिलेली आहे. १८४० सालीं ते एका रात्रीं निघाले व थोड्या अंतरावरून परतले. १८४३ सालीं मोठ्या आजारानंतर दार्दिलीस भावाच्या घरीं गेले. लोक तेथेंही मागें आले, आणि थोड्याच दिवसांत ते परत आले. शेवटीं १८५३ च्या सप्टेंबरांत, ६७ वर्षांचें वय असतां, ते पुन्हां मध्यरात्रीं बाहेर पडले. बातमी फुटली, घंटा वाजूं लागली, सारें गांव व यात्रेकरू अंधारांत जमले आणि वाट अडवून रडूं लागले. वृद्ध गुरु थांबले, मागें फिरले, देवळांत गेले आणि पापनिवेदनाच्या आसनांत जाऊन बसले. त्यानंतर ते पुन्हां कधीं पळून निघाले नाहींत.

प्रिय वाचकहो, परिपूर्णतेविषयीं ख्रिस्तसभेची जी शिकवण आहे, ती या एका रात्रींत सांठविली आहे. आपण समजतों कीं परिपूर्ण म्हणजे ज्यांत दोष नाहीं, उणें नाहीं, असा मनुष्य. पण शुभवर्तमानांत ज्या मूळ ग्रीक शब्दानें ही आज्ञा आली आहे, त्याचा अर्थ आपल्या शेवटास, आपल्या हेतूस पोंचलेला असा होतो. आणि प्रभूनें ती आज्ञा दिली ती शत्रूवरही प्रीति करण्याचें सांगितल्यावर. संत थॉमस अक्विनास यांनीं हेंच ठरविलें कीं, ख्रिस्ती जीवनाची परिपूर्णता मुख्यत्वें प्रीतींत आहे. दारिद्र्य, उपवास, मौन, मठ हीं त्या प्रीतीचीं साधनें आहेत. संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं १६०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, बिशपाची भक्ति वेगळी, शिपायाची वेगळी, संसारी स्त्रीची वेगळी. ज्याची त्यानें आपल्या स्थितींत राहून साधावी. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं सर्व जगास सांगितलें कीं, पावित्र्याचें पाचारण सर्व स्नानसंस्कारितांना सारखेंच आहे. व्हियानींनीं परिपूर्णता जेथें शोधिली, त्या एकांतांत परमेश्वरानें त्यांना ती दिली नाहीं. जेथें त्यांना नेमिलें होतें, जेथें त्यांना राहवत नव्हतें, तेथेंच दिली. स्वतःच्या मनानें निवडिलेल्या उत्तम मार्गापेक्षां आज्ञेनें मिळालेला साधा मार्ग प्रीतीला अधिक खोल नेतो. कारण पहिल्यांत आपली इच्छा शिल्लक राहूं शकते, दुसऱ्यांत ती अर्पण करावी लागते.

४ ऑगस्ट १८५९ रोजीं पहांटे दोन वाजतां, ७३ व्या वर्षीं, आर्स येथेंच त्यांनीं शांतपणें देह ठेविला. ४१ वर्षें ते एकाच खेड्याचे धर्मगुरु राहिले. बिशपांनीं दिलेलें मानाचें वस्त्र त्यांनीं गरिबांसाठीं ५० फ्रँकांस विकून टाकिलें होतें; सरकारनें दिलेलें सन्मानचिन्ह त्यांनीं कधीं अंगावर मिरविलें नाहीं. पोप दहावे पायस यांनीं १९०५ सालीं त्यांना धन्य म्हणून घोषित केलें, आणि पोप अकरावे पायस यांनीं ३१ मे १९२५ रोजीं संतपद दिलें. त्यांचा सण ४ ऑगस्टला पाळिला जातो. त्यांच्या मरणास १५० वर्षें झालीं तेव्हां, २००९ सालीं, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं धर्मगुरूंचें वर्ष जाहीर केलें.

या चरित्रापासून तिघांनीं तीन गोष्टी घ्याव्या. ज्या घरचा मुलगा गुरुविद्यालयांत आहे, त्या आईबापांनीं त्याच्या गुणपत्रिकेबरोबर त्याच्या गुडघ्यांकडेही पाहावें, आणि तो परत आला तर त्याला शरमेचा विषय करूं नये. दार्दिलीच्या त्या घरानें तसें केलें असतें तर आर्सला धर्मगुरु मिळाला नसता. गुरुविद्यार्थ्यांनीं अभ्यासांत कसूर करूं नये, कारण व्हियानी आळसामुळें नापास झाले नव्हते. रात्रंदिवस झटून नापास झाले, आणि जें थोडें आलें तें जन्मभर वापरीत राहिले. आणि आपण संसारी जनांनीं, जेथें परमेश्वरानें ठेविलें त्या शेतांत, त्या कचेरींत, त्या चुलीपाशीं प्रीतीनें टिकून राहावें. महोत्सवाचे दिवे उद्यां विझतील. त्यानंतर येणाऱ्या साध्या सोमवारीं, आपल्या नेमल्या कामावर पुन्हां उभें राहणें, हेंच परिपूर्णतेचें पहिलें पाऊल होय. संत जॉन मेरी व्हियानी आपल्या धर्मग्रामासाठीं, धर्मगुरूंसाठीं व पुढें येणाऱ्या गुरुविद्यार्थ्यांसाठीं प्रभूपाशीं विनंति करोत.